नीलांबरीच्या मुलखात

बाबा गेले आणि त्यांच्या मागोमाग आईची झोपही गेली. सुरुवातीला आम्ही कोणी ते फारसे मनावर घेतले नाही. घरातले माणूस गेल्यावर झोप कोणाला येते? पण वर्षश्राद्ध झाले, त्यानंतर दिवाळीही होऊन गेली, तरी रात्री दोनच्या सुमारास आमच्या पुण्याच्या घरात स्वयंपाकघरातला दिवा लागायचाच. आई ओट्याजवळ स्टुलावर बसून लसूण सोलत असायची किंवा काल घडी केलेले कपडे पुन्हा घडी करत असायची. विचारले तर म्हणायची, "तू झोप गं, मला काही होत नाही."

तिच्या खोलीत चाळीस वर्षे रात्री दहाला विविध भारतीचे 'छायागीत' लागत असे. बाबांचा जुना ट्रान्झिस्टर उशाशी, आवाज अगदी बारीक. लहानपणी मी आणि दादा पलीकडच्या खोलीतून तो ऐकत झोपी जायचो. आई गाणी ऐकत झोपते, हे आमच्या घरातले एक न तपासलेले सत्य होते. म्हणून बाबा गेल्यावर महिन्याभराने मी तोच ट्रान्झिस्टर पुसून, नवे सेल घालून तिच्या उशाशी ठेवला. पहिल्याच गाण्याला ती उठून बसली आणि म्हणाली, "बंद कर. याने तर जास्तच जाग येते."

मग डॉक्टर झाले. झोपेच्या गोळीने झोप लागली, पण ती सकाळी अंगातून लवकर उतरेना. एक दिवस न्हाणीघरात तोल जाऊन पडली आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघेपर्यंत गोळी बंद झाली ती कायमचीच. मी मोबाइलवर 'झोपेचे संगीत' शोधून लावू लागले. बासरी, समुद्राच्या लाटा, आठ-आठ तास चालणारा पाऊस. पावसाला आई पाच मिनिटांत उठली. "कपडे बाहेर आहेत का गं वाळत? उगीच जीव टांगणीला लागतो." मला हसू आले आणि रागही आला. मी तिच्याच खोलीत झोपत होते, सकाळी साडेआठला ऑफिस गाठायचे होते. एका रात्री मी तिला म्हटले, "आई, डोळे मीट आणि पडून राहा ना! सगळ्यांना का छळतेस?" ती काही बोलली नाही. त्यानंतर तिने रात्री दिवा लावणे बंद केले आणि अंधारातच बसून राहू लागली. ते मला जास्त लागले.

तेव्हाच दादाचा फोन आला. तो वीस वर्षांपासून तिरुचिरापल्लीला नोकरीला आहे. म्हणाला, "तिला इकडे घेऊन ये. चार महिने राहू दे माझ्याकडे. तूही थकलीस." खरे सांगायचे तर मला आधी सुटल्यासारखे वाटले आणि मग त्याची लाज वाटली. वहिनी मागून म्हणाली, "घेऊनच या त्यांना. इकडे तर झोपेचा वेगळा राग आहे."

गेल्या फेब्रुवारीत आम्ही मायलेकी निघालो. पुण्याहून चेन्नई जवळजवळ एक पूर्ण दिवस आणि तिथून तिरुचिरापल्ली आणखी पाच-सहा तास. गाडीच्या हेलकाव्यांनी तरी तिला झोप लागेल अशी मला आशा होती. तिने रात्रभर आमच्या बॅगा राखल्या.

तिरुचिरापल्लीविषयी इथे जास्त लिहीत नाही. शहराच्या मध्यावर उभा असलेला खडक आणि त्यावरचे गणपतीचे देऊळ प्रसिद्ध आहे, पायऱ्या चारशेच्या वर आहेत, आई त्या चढू शकणार नव्हती. आमचे खरे लक्ष्य होते पंचावन्न-साठ किलोमीटरवरचे तंजावर.

तंजावरला मराठी माणूस गेला की त्याची चाल जरा बदलते. व्यंकोजीराजे भोसले, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, इथे १६७५-७६ च्या सुमारास गादीवर आले आणि १८५५ पर्यंत हे घराणे टिकले. राजराज चोळाने बांधलेले आणि १०१० साली पूर्ण झालेले बृहदीश्वराचे देऊळ पाहायला जगभरातून लोक येतात. शिखर सुमारे दोनशे सोळा फूट उंच. लोक माना वर करून पाहत होते आणि आम्ही मात्र आवाराच्या नैर्ऋत्य बाजूला भिंतीवर कोरलेला मराठी शिलालेख शोधत होतो. भोसले वंशाची ही हकीकत दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवली. आईने चष्मा पुसून एक-एक अक्षर लावायला सुरुवात केली. पाऊण तास ऊन डोक्यावर घेऊन ती भिंतीपाशी उभी होती. वहिनी म्हणाली, "मी इथे दहा वेळा पाहुण्यांना घेऊन आले, पण भिंत वाचणाऱ्या या पहिल्याच."

राजवाडा आता अर्धा पडका, अर्धा संग्रहालयाचा आहे. मराठा दरबाराचे रंगीत खांब पाहावेत, आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचा लोकांना खुला असलेला भाग तर चुकवूच नये. ताडपत्रे, मोडीतले कागद, मराठी पोथ्या. याच गादीवरच्या शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) मराठीत नाटके लिहिली, म्हणजे आपण ज्याला मराठी रंगभूमीचा आरंभ म्हणून १८४३ साल घोकतो, त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी. पण तंजावरचा खरा ठेवा कागदावर नाही, गळ्यात आहे. मराठी कीर्तन इथे आले आणि तमिळ हरिकथेत मिसळून गेले. साकी, दिंडी, ओवी ही नावे तिथल्या हरिकथेच्या गायकांना आजही ठाऊक असतात.

दुपारी वहिनी आम्हाला तिच्या ओळखीच्या एका बाईंकडे घेऊन गेली. वय ऐंशीच्या घरात, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचे घर अरुंद आणि लांबलचक, मध्ये आकाशाला उघडा चौक, ओसरीवर लाकडी झोपाळा. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते आणि चांगली वीणा एकाच ओंडक्यातून कोरून काढतात, हे त्यांच्याकडे भिंतीला टेकलेल्या वीणेवरून हात फिरवताना कळले. त्यांची मराठी जशीच्या तशी लिहिणे मला जमणार नाही. शब्द आपलेच, पण काही आपल्या पणजीच्या तोंडचे आणि चाल संपूर्ण तमिळ. पहिली पाच मिनिटे आई बावरली. मग दोघींची अशी गट्टी जमली की आम्हाला कोणी विचारेना.

आईने सरळच विचारले, "आमची सून म्हणते, तुमच्याकडे झोपेचा राग आहे. तो ऐकला की झोप येते हे खरं का?"

बाई हसल्या. त्या रागाचे नाव नीलांबरी. तो शंकराभरणम् या मेळातला, म्हणजे सूर आपल्या बिलावल थाटाचे. मध्येच कुठेतरी कोमल निषाद हळूच डोकावून जातो. पण त्याची गंमत सुरांपेक्षा त्यांच्या वाटेत आहे. बाईंनी वीणा मांडीवर घेतली आणि दाखवले. वर चढताना सूर धैवतापर्यंत जातो, तिथून सरळ पुढे न जाता मागे पंचमावर येतो आणि मगच निषाद गाठतो. उतरताना रिषभापर्यंत आला की पुन्हा गंधाराला शिवून येतो आणि मग षड्जावर टेकतो. पुढे जायचे, थोडे मागे यायचे. "पाळणा कसा जातो?" त्यांनी विचारले आणि पायाच्या अंगठ्याने ओसरीवरचा झोपाळा ढकलला.

तमिळमध्ये अंगाईला तालाट्टु म्हणतात. ताल म्हणजे जीभ आणि आट्टु म्हणजे हलवणे. टाळूवर जीभ नाचवत आई जे आवाज काढते त्यावरून हा शब्द आला. तान्ह्या मुलाला इथेही जुन्या मऊ साडीची झोळी आढ्याला बांधून तिच्यात निजवतात. तिला तूळी म्हणतात. अंगाईचे हे वेड इतके जुने आहे की हजारेक वर्षांपूर्वीच्या पेरियाळ्वार या वैष्णव संतकवीने स्वतःला यशोदा समजून कृष्णाला पाळण्यात घालण्याची पदे रचली. देवालाही झोप लागते आणि त्यालाही कोणीतरी झोपवावे लागते, ही कल्पना या मुलखात सगळीकडे भेटते.

मी बाईंना सांगितले, की मोबाइलवर नीलांबरीच्या नावाने पुष्कळ काही मिळते आणि त्याखाली अनिद्रेपासून रक्तदाबापर्यंत सगळे बरे होईल असे लिहिलेले असते. त्यांनी हात झटकला. म्हणाल्या, औषध असते तर मी कशाला रात्री एक वाजेपर्यंत जागी असते? पन्नास वर्षे नीलांबरी शिकवली, वर्गात एक मूल झोपले नाही. हां, मैफलीत गवई हा राग फार वेळ आळवत नाहीत, श्रोते डुलक्या घेतील अशी थट्टा आम्ही करतो. पण ती थट्टाच.

मला हे ऐकून बरे वाटले. आपल्याकडेही पंडित ओंकारनाथ ठाकूरांनी मुसोलिनीला राग ऐकवून झोपवल्याची कथा घरोघर सांगतात, आणि सांगणारा प्रत्येक जण तिच्यात थोडी भर घालतो. अभ्यासकांचे म्हणणे जरा जपून आहे. वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये अनिद्रेवर संगीताचा काय परिणाम होतो हे तपासले. तेरा अभ्यास आणि एकूण हजाराच्या आसपास माणसे. रोज झोपण्यापूर्वी ठरावीक वेळ संगीत ऐकणाऱ्यांना आपली झोप सुधारली असे वाटले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे एका रात्रीत घडत नाही, सवय लावावी लागते. उलट अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात असे दिसले, की काही जणांच्या डोक्यात झोपेतही गाणे फिरत राहते आणि झोप मोडते, शब्द नसलेल्या धूनने तर जास्तच. म्हणजे ज्याचे त्याने पाहावे. एवढे मात्र बहुतेक जण मान्य करतात, की लय संथ आणि सारखी असावी, आवाज मध्येच चढू नये. आणि झोप महिनोन् महिने बिघडलेली असेल तर गाण्याच्या भरवशावर न बसता डॉक्टरांना दाखवावे, गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये आणि सोडूही नये.

निघताना बाईंनी आईला विचारले, "तुमच्याकडे निजवायला काय गात होते?" आईने थोडा वेळ आठवून पाहिले आणि म्हणाली, "मुलांना मी गायले. मला कोणी गायलेलं आठवत नाही." दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. त्यात हसण्यासारखे काय होते हे मला तेव्हा समजले नाही.

तंजावरपासून अर्ध्या तासावर तिरुवैयारु. नावाचा अर्थ पाच नद्यांचे पवित्र गाव. संत त्यागराज इथे राहिले आणि १८४७ च्या जानेवारीत इथेच वारले. कावेरीच्या काठी त्यांची समाधी आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गवई जमिनीवर बसून त्यांच्या पाच रचना एका सुरात गातात, तो सोहळा अनेकांनी दूरदर्शनवर पाहिला असेल. ही समाधी दुर्लक्षित पडली होती तेव्हा बंगळुरू नागरत्नम्मा या गायिकेने स्वतःच्या कमाईतून १९२० च्या दशकात इथे मंदिर बांधवले. गंमत म्हणजे ज्या उत्सवासाठी तिने सर्वस्व दिले त्यात बायकांना गायला बंदी होती. मग तिने बायकांचा वेगळा गट उभा केला. आज सगळे एकत्र बसतात.

मराठी वाचकाला इथे आणखी एक गोष्ट ऐकवतात. सरफोजीराजांनी त्यागराजांना धनाचे ताट पाठवून दरबारात बोलावले आणि त्यांनी ते परत पाठवले. आई म्हणाली, "आपल्याच राजाला नाही म्हणाले होय!" आणि तिला ते मनापासून आवडले.

उत्सव होऊन महिना झाला होता. गावात शुकशुकाट होता. मेट्टूर धरणाचे पाणी जूनमध्ये सोडतात आणि जानेवारीअखेर बंद करतात असा जुना प्रघात आहे, त्यामुळे कावेरीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसत होती. भिंतींवर त्यागराजांच्या रचना दगडात कोरलेल्या आहेत. एका कोपऱ्यात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी शिक्षिकेसमोर बसून गात होती. वहिनी कानात म्हणाली, "नीलांबरीच आहे. 'उय्याल लूगवय्य'. रामाला झोके घ्यायला सांगतात." त्यागराजांनी रामाला उठवण्यापासून झोपवण्यापर्यंतच्या नित्योपचारांची गाणी केली, त्यांतले हे एक. मुलगी तीनदा एकाच जागी चुकली आणि तीनदा पहिल्यापासून सुरू झाली. आई खांबाला टेकून ऐकत होती. मी अधूनमधून तिच्या पापण्यांकडे पाहत होते, एखाद्या नर्ससारखी. तिने ते ओळखले. "बघू नकोस अशी. नाही येत झोप," म्हणाली. "पण पोरगी गोड आहे."

चार दिवसांनी आम्ही मदुरैला गेलो. तिरुचिरापल्लीहून रेल्वेने किंवा बसने अडीच-तीन तास लागतात. स्टेशनपासून मीनाक्षी मंदिर किलोमीटरभरच आहे, त्यामुळे मुक्काम मंदिराच्या पश्चिमेकडच्या गल्ल्यांतल्या एखाद्या लॉजमध्ये करावा हे बरे, रात्री उशिरा पायी परतता येते. मंदिराभोवतालच्या चित्तिरै रस्त्यांवर वाहने येत नाहीत. आत मोबाइल नेता येत नाही, २०१८ पासून बंदी आहे, तो बाहेर जमा करावा लागतो. संध्याकाळी जिगरठंडा अवश्य प्यावा. दूध, भिजवलेला बदामाचा डिंक, नन्नारीचे सरबत आणि वर आइस्क्रीम. आणि मदुरैचा मोगरा! आईने दोन हात लांब गजरा घेतला आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, केसांत नाही पण मनगटाला गुंडाळला. मोडलेल्या मनगटालाच.

मीनाक्षी मंदिर दिवसा सगळेच पाहतात. आम्हाला पाहायची होती ती रात्रीची शेवटची पूजा. साधारण नऊच्या सुमारास, नक्की वेळ तिथेच विचारून घ्यावी, सुंदरेश्वराला, म्हणजे शंकराला, त्याच्या गाभाऱ्यातून पालखीत घालून मीनाक्षीच्या शेजघराकडे नेतात. शेजघराला पळ्ळियरै म्हणतात. देव दिवसभर वेगळा राहतो आणि रात्री बायकोकडे येतो. रोज. एकही रात्र चुकत नाही.

गर्दी पांगत आली होती. दगडी फरशी अजून दिवसाची ऊब धरून होती. आधी धूप आला, मग दिवट्या, मग पालखी आणि तिच्यापुढे नादस्वरम् व तविल. ज्यांनी नादस्वरम् जवळून ऐकलेले नाही त्यांना सांगते, हे आपल्या सनईचे थोरले भावंड आहे. हातभराहून कितीतरी लांब आणि आवाज असा की चार आळ्यांपलीकडे ऐकू जावा. कुंभकोणमजवळच्या नरसिंगमपेट्टै गावात आच्चा नावाच्या लाकडापासून ते बनवतात. मंदिरातल्या वादकांच्या परंपरेत कोणत्या प्रहराला कोणता राग हे ठरलेले असते आणि निजेच्या वेळेला नीलांबरीचा मान. आई माझ्या कानाशी ओरडली, "या आवाजात देव झोपतो?"

पण मीनाक्षीच्या दारापाशी आल्यावर आवाज खाली आला. एवढे मोठे वाद्य एवढे हळू वाजू शकते याची मला कल्पना नव्हती. तविलवाल्याने काठी बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी ठेका धरला. सूर पंचमापर्यंत मागे येत होता आणि पुन्हा वर जात होता, बाईंच्या अंगठ्याने ढकललेल्या झोपाळ्यासारखा. काही बायका गात होत्या, त्यांच्याकडे पाहून कोणी गात नव्हते असे राहिलेच नाही. देव आत गेला. दार बंद झाले. वादकाने ओठांवरून वाद्य काढले आणि इतका वेळ ज्या आवाजाने देऊळ भरले होते त्याच्या जागी नुसती शांतता राहिली. कोणी पाच-सात क्षण हललेच नाही.

बाहेर आलो तेव्हा दोघे वादक कोपऱ्यावरच्या गाड्यावर गरम दूध पीत उभे होते. आई सरळ त्यांच्याकडे गेली आणि वहिनीला म्हणाली, "विचार यांना. देवाला झोपवलं, मग हे कशाने झोपतात?" वहिनी संकोचली, पण तिने विचारले. म्हाताऱ्या नादस्वरम्वाल्याला प्रश्न फार आवडला असावा. त्याने पेला खाली ठेवून उत्तर दिले आणि वहिनीने भाषांतर केले, "म्हणतात, दार लागलं की माझं काम संपलं. घरी जाऊन पंख्याखाली पडतो, पडल्या पडल्या झोप. घरी वाद्य काढलं तर बायको ओरडते."

आई लॉजवर येईपर्यंत गप्प होती. वहिनी आणि दादा शेजारच्या खोलीत झोपायला गेले. मी सवयीने मोबाइल काढला आणि बाईंनी सांगितलेले वीणेवरचे नीलांबरीचे ध्वनिमुद्रण आईच्या उशाशी लावले. तेव्हा ती अंधारात बोलू लागली.

"मी कधी छायागीत ऐकत झोपले नाही गं. तुम्हाला वाटायचं. तुझे बाबा झोपायचे. दुसरं गाणं संपेपर्यंत घोरायला लागायचे. मग मी उठून त्यांच्या नाकावरचा चष्मा काढायची, रेडिओ बंद करायची, पांघरूण ओढून द्यायची आणि आडवी व्हायची. त्याच्या आधी मला झोप यायचीच नाही. तुम्ही लहान असताना तुम्हाला थोपटून झाल्यावर, नंतर त्यांना. आता सगळं आवरून पडते आणि वाटतं, अजून काहीतरी राहिलंय."

मला काय बोलावे सुचेना. दीड वर्ष मी तिला झोपवण्याचे उपाय शोधत होते.

तिने तिच्या उशाशी ठेवलेला मोबाइल उचलला आणि माझ्या उशाशी आणून ठेवला. "तू ऐक," म्हणाली. "तुझे डोळे बघ कसे झालेत. झाल्यावर मी बंद करते."

मी नको म्हणणार होते. पण वीणेचा सूर धैवतावरून मागे आला, आईचा मोगऱ्याच्या वासाचा हात माझ्या केसांवर आला, आणि त्यानंतरचे मला काही आठवत नाही. सकाळी साडेसहाला जाग आली. मोबाइल बंद करून टेबलावर ठेवलेला होता, माझा चष्मा त्याच्या शेजारी घडी घालून. आई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. आठ वाजता दादा चहा घेऊन आला तरी उठली नाही.

याला मी चमत्कार म्हणणार नाही. पुढच्या रात्री ती पुन्हा अडीचपर्यंत जागी होती. त्याच्या पुढच्या रात्री झोपली. ती दादाकडेच राहिली. वहिनी सांगते, की आता दहाच्या सुमारास ती दादाच्या खोलीत जाऊन त्याचा टीव्ही बंद करते, पन्नाशीच्या मुलाला "झोप आता" म्हणून दटावते, नातवाच्या अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा मालवते आणि मग तिच्या खोलीत जाते. आठवड्यातल्या चार-पाच रात्री बऱ्या जातात. तंजावरच्या बाईंना तिने दोनदा फोन केला. त्यांचीही झोप अजून तशीच आहे म्हणे.

मी पुण्याला एकटी परतले. घर लागले तशी शांत झोप लागेल असे वाटले होते, पण लागली नाही. रोज रात्री दहाला आईचा फोन येतो. "लावलंस का?" एवढेच विचारते. मी हो म्हणते आणि नीलांबरी लावून पडते. सकाळी पाहते तर मोबाइल बंद असतो, कारण रात्रभर वाजून त्याची बॅटरी संपलेली असते. तो मध्येच बंद करायला इथे कोणी नाही.